विद्यार्थ्यांची माहिती : एक ठेव

जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव, जात व जन्मतारीख यांची नोंद असते. आता अशीच माहिती संगणकप्रणालीतही भरली जाते. ती शाळेची मालमत्ता नसून पालकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव होय. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. आधार नसल्यामुळे शाळाप्रवेश नाकारता येत नाही, हेही २०१८ साली स्पष्ट झाले.

यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. माहिती ज्या कामासाठी घेतली, त्याच कामासाठी वापरावी.

२. प्रणालीचा पासवर्ड कोणासही सांगू नये.

३. जात, आधार क्रमांक असलेल्या याद्या मोबाइलच्या गटांवर पाठवू नयेत. भिंतीवरील कागद काढून घेता येतो; पाठविलेले छायाचित्र परत येत नाही.