कर्नलचा ‘पोर्शन’ किती कव्हर झाला?

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एकच प्रश्न ऐकू येतो, “पोर्शन कव्हर झाला का?” पोर्शन कव्हर होणं आणि तो समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही! सॉफ्टवेअरच्या जगात हाच शब्द ‘कोड कव्हरेज’ म्हणून येतो आणि तिथेही नेमका हाच घोळ होतो. हा घोळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये सगळ्यात महागात पडतो, म्हणून या लेखात लिनक्स कर्नलचं उदाहरण घेऊ.

आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे टेक्निकल शब्द आहेत तसेच ठेवले आहेत. कर्नलला ‘गाभा’ म्हटलं तर मराठीच्या बाई खूश होतील, पण लॅबमध्ये कुणी ओळख देणार नाही. असो.

कव्हरेज म्हणजे काय?

टेस्ट चालवल्या तेव्हा प्रोग्रॅमचा कोणता भाग प्रत्यक्षात एक्झिक्यूट झाला आणि कोणता झाला नाही, याचा हिशोब म्हणजे कव्हरेज.

परळ-लालबागच्या चाळींत पल्स पोलिओचे कार्यकर्ते येतात, ते आठवा. खोली झाली की दाराशी खडूने खूण करतात. संध्याकाळी कुणीही गॅलरीतून एक चक्कर मारली की कोणती खोली राहिली ते कळतं. कंपाइलर आपल्या कोडमध्ये असंच खडूचं काम करतो. जीसीसीला ‘एफप्रोफाइल-आर्क्स’ आणि ‘एफटेस्ट-कव्हरेज’ हे दोन ऑप्शन दिले की तो कोडचे ‘बेसिक ब्लॉक’ पाडतो. बेसिक ब्लॉक म्हणजे मध्ये कुठेही फाटा न फुटता सरळ चालणाऱ्या सूचनांचा गट. एका ब्लॉकमधून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटांवर मग तो काउंटर बसवतो.

इथे एक सुंदर युक्ती आहे. प्रत्येक वाटेवर काउंटर बसवायची गरज नसते. पहिल्या वर्षाला आपण किरचॉफचा करंट लॉ घोकला होता ना? नोडमध्ये जितका करंट येतो तितकाच बाहेर जातो. लालबागच्या नाक्यावर तीन रस्ते मिळतात असं समजा. एका रस्त्याने १०० गाड्या आल्या, दुसऱ्याने ६० गेल्या, मध्ये कुणी थांबलं नाही, तर तिसऱ्याने ४० गेल्या हे न मोजताही कळतं. जीसीसी प्रत्येक फंक्शनच्या ग्राफचा स्पॅनिंग ट्री काढतो आणि त्या ट्रीबाहेरच्या वाटांवरच काउंटर ठेवतो. बाकीचे आकडे बेरीज-वजाबाकीने निघतात. इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!

कंपाइल करताना ‘जीसीएनओ’ फाइल तयार होते, ती म्हणजे चाळीचा नकाशा. प्रोग्रॅम चालल्यावर ‘जीसीडीए’ फाइल मिळते, त्या म्हणजे खडूच्या खुणा. ‘जीकोव्ह’ हे टूल दोन्ही एकत्र ठेवून कोणती ओळ किती वेळा चालली ते सांगतं.

कर्नलची अडचण

साधा प्रोग्रॅम संपताना आपले काउंटर फाइलमध्ये लिहून जातो. कर्नल संपतच नाही. मशीन बंद होईपर्यंत तो चालूच! शिवाय नेहमीची सी लायब्ररी त्याच्याकडे नसते, त्यामुळे फाइल लिहिण्याची तयार सोयही नाही. म्हणून कर्नलसाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. ती आधी पॅचच्या रूपात बाहेर मिळायची. २००९ मध्ये २.६.३१ या आवृत्तीत ती मुख्य कर्नलमध्ये आली. यात कर्नल स्वतःचे काउंटर ‘डीबगएफएस’ या फाइलसिस्टीममधून दाखवतो. ‘जीकोव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत सोर्स ट्रीसारखीच रचना दिसते आणि प्रत्येक ऑब्जेक्टची जीसीडीए फाइल तिथे वाचता येते.

दुसरी अडचण अशी की आपण टेस्ट सुरू करण्याआधीच मशीन बूट झालेलं असतं, म्हणजे हजारो फंक्शन चालून गेलेली असतात. जुन्या खुणा पुसल्याशिवाय नव्या कळणार कशा? त्यासाठी त्याच डिरेक्टरीत ‘रीसेट’ नावाची फाइल आहे. तिच्यात काहीही लिहिलं की सगळे काउंटर शून्यावर येतात.

प्रत्यक्ष करून बघायचं असेल तर क्रम असा आहे. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये डीबगएफएस आणि जीकोव्ह सुरू करा. सगळ्या कर्नलला काउंटर लावू नका. त्याने कर्नल बराच फुगतो आणि मंदावतो. आपल्याला हव्या त्या डिरेक्टरीच्या मेकफाइलमध्ये जीकोव्ह प्रोफाइलची एक ओळ टाकली तरी पुरते. कर्नल बिल्ड करून क्यूईएमयूसारख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये बूट करा (रूममेटच्या लॅपटॉपवर प्रयोग नको!). रीसेट करा, टेस्ट चालवा, फाइल गोळा करा आणि ‘एलकोव्ह’ने रंगीत रिपोर्ट काढा. त्यात चाललेल्या आणि न चाललेल्या ओळी वेगवेगळ्या रंगांत दिसतात. सोयीसाठी आपण त्यांना हिरव्या आणि लाल म्हणू.

टक्के, पण कशाचे?

रिपोर्टच्या वरच्या भागात टक्के दिसतात आणि आपला जीव टक्क्यांत अडकतो. पण छेद काय आहे ते आधी बघा. लिनक्सचा सगळा सोर्स आज तीन कोटी ओळींच्या वर आहे. त्यातला फार मोठा भाग ड्रायव्हर्सचा, म्हणजे आपल्या मशीनवर नसलेल्या हार्डवेअरचा. कॉन्फिगरेशनमध्ये जे निवडलंच नाही ते कंपाइल होत नाही, आणि जे कंपाइल होत नाही ते जीकोव्हच्या हिशोबात येत नाही. म्हणजे ‘८० टक्के’ हे निवडलेल्या भागाचे ८० टक्के. ऑप्शनला टाकलेले चॅप्टर वगळून “पोर्शन पूर्ण झाला” म्हणावं, तसंच हे!

दुसरी गोष्ट, ओळ मोजायची की फाटा? ‘इफ’ची कंडिशन खरी ठरली आणि आतली ओळ चालली की सगळ्या ओळी हिरव्या होतात. कंडिशन खोटी ठरली तर काय होतं, हे मात्र कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून ओळींच्या कव्हरेजसोबत ब्रँच कव्हरेजही बघावं. आणि एकामागून एक स्वतंत्र असे १० ‘इफ’ असतील तर पूर्ण वाटा होतात १०२४. प्रत्येक फाटा एकदा पाहिला म्हणजे प्रत्येक वाट चालून झाली असं नाही.

लाल ओळ काय सांगते?

लाल ओळ कधीच खोटं बोलत नाही. ‘इथे तुझी टेस्ट आलेली नाही’ एवढं ती स्पष्ट सांगते. कर्नलमध्ये लाल ओळी बहुतेक वेळा एरर पाथमध्ये सापडतात. मेमरी मागितली आणि मिळाली नाही, तर काय? घेतलेलं लॉक सोडलं का? अर्धवट तयार झालेलं स्ट्रक्चर मोकळं केलं का? आपल्या टेस्ट मशीनवर मेमरी भरपूर असते, म्हणून हा कोड चालतच नाही. तो पहिल्यांदा चालतो तेव्हा मशीन आधीच संकटात असतं! यावर उपाय म्हणून २००७ मध्ये, २.६.२० आवृत्तीपासून, कर्नलमध्ये ‘फॉल्ट इंजेक्शन’ आलं. मेमरी असूनही ‘नाही’ म्हणायला ते कर्नलला भाग पाडतं, आणि मग त्या लाल ओळींवरून जाता येतं.

हिरवी ओळ काय सांगत नाही?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्सच्या कीरिंग कोडमधला एक दोष जाहीर झाला. तो ३.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, तिथे होता. एखाद्या प्रोसेसने आपल्याकडे आधीच असलेलं सेशन कीरिंग पुन्हा मागितलं, तर रेफरन्स काउंट एकने वाढायचा आणि कमी करायचा राहून जायचा. आता विचार करा, या ओळीसाठी एक टेस्ट लिहिली असती तर? ओळ हिरवी झाली असती, फंक्शनने ‘सगळं ठीक’ म्हणून शून्य परत केलं असतं, टेस्ट पास! दोष दिसायला तोच कॉल सुमारे ४२९ कोटी वेळा करावा लागतो. मग ३२ बिटचा काउंट फिरून शून्यावर येतो, वापरात असलेली मेमरी मोकळी केली जाते आणि साधा युझर रूट होऊ शकतो. दुरुस्ती? फक्त एक ओळ. म्हणून टेस्टने नुसतं त्या ओळीवरून जाऊन भागत नाही, गेल्यावर काउंट बरोबर आहे का तेही तपासायला हवं.

याहून अवघड गोष्ट म्हणजे वेळेचा योग. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ परळ-दादरच्या माणसांना विसरता येणार नाही. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड, आताचं प्रभादेवी, यांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. त्या जिन्याची प्रत्येक पायरी रोज हजारो माणसं उतरत होती. आपल्या भाषेत बोलायचं तर पूल पूर्ण ‘कव्हर्ड’ होता. पण जोराचा पाऊस, आडोशाला थांबलेली माणसं आणि मागून येणारी गर्दी हे सगळं एकाच वेळी आलं. पायऱ्या मोजून हा धोका कळला नसता. पूल अपुरा आहे हे रोज जाणाऱ्यांना दिसत होतं, ते ऐकायला हवं होतं.

कर्नलमध्ये अशा योगाला रेस कंडिशन म्हणतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झालेला ‘डर्टी काऊ’ हा दोष अगदी असाच होता. फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलचा खाजगी मॅप एक थ्रेड लिहायला घेतो. कर्नल त्याच्यासाठी वेगळी कॉपी बनवतो. नेमक्या त्या क्षणी दुसरा थ्रेड ‘ही कॉपी नको’ म्हणून सांगतो, आणि लिहिलेलं थेट मूळ फाइलच्या मेमरीतल्या पानावर जाऊन पडतं. मेमरीचा हा कोड जगभरातल्या मशीनवर रोज चालत होता, म्हणजे हिरव्याहून हिरवा. तरी दोष २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून नऊ वर्षं टिकला. कारण प्रत्येक ओळ एकटी बरोबर होती, चुकत होता तो दोन थ्रेडचा योग.

मग कव्हरेज टाकाऊ आहे का?

मुळीच नाही! ते मार्कशीट म्हणून वापरलं तर फसवतं, वाटाड्या म्हणून वापरलं तर फार कामाचं आहे. २०१६ मध्ये ४.६ आवृत्तीत कर्नलमध्ये ‘केकोव्ह’ आलं. गूगलचे दिमित्री व्ह्युकोव्ह यांचं हे काम. जीकोव्ह सगळ्या कर्नलचा एकत्रित हिशोब ठेवतं, तर केकोव्ह एका टास्कने केलेल्या सिस्टीम कॉलमध्ये कर्नल कोणत्या पत्त्यांवरून गेला तेवढंच नोंदवतं. इंटरप्टचा गोंगाट ते मुद्दाम गाळतं. जास्तीत जास्त कव्हरेज दाखवणं हा त्याचा हेतूच नाही. दिलेल्या इनपुटमुळे काय घडलं ते स्वच्छ दिसावं, एवढंच त्याला हवं असतं.

‘सिझकॉलर’ हा फझर याच्याच जोरावर चालतो. तो सिस्टीम कॉलचे वेडेवाकडे क्रम बनवतो. एखाद्या क्रमाने नवी वाट उघडली तर तो क्रम जपून ठेवतो आणि त्यात थोडे बदल करून पुढे जातो. त्याच वेळी कर्नलमध्ये मेमरीच्या चुका पकडणारे ‘केसॅन’सारखे तपासनीस उभे असतात. वाट शोधणारा एक आणि चूक पकडणारा दुसरा! या जोडीने कर्नलमधले हजारो दोष उघडकीला आणले आहेत.

आता कामाची गोष्ट. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘कव्हरेज ९२ टक्के’ एवढंच लिहून थांबायचा मोह होतो. सोप्या फंक्शनच्या दहा टेस्ट वाढवल्या की आकडा चढतो, हे आपल्याला माहीत आहे आणि सरांनाही. त्यापेक्षा एक पान उरलेल्या ८ टक्क्यांवर लिहा. कोणत्या ओळी लाल राहिल्या, तिथे पोचायला काय लागेल, आणि तिथे चूक असेल तर नुकसान कुणाचं? हिरव्या ओळींबद्दलही एक वाक्य असू द्या, की टेस्टने तिथे नेमकं काय तपासलं. व्हायव्हाला हे पान उघडं ठेवा. प्रश्न जास्त येतील खरे, पण उत्तरं तुमची स्वतःची असतील.