बाबांचे आभार मानायचे कसे?

प्रश्न : बाबा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाच्या गाड्या करून त्यांनी आम्हा दोघी बहिणींना शिकवलं. आता मी कमावते, पण साधा शर्ट आणला तरी 'कशाला खर्च केलास' म्हणून रागावतात. माझी कृतज्ञता त्यांच्यापर्यंत पोचवू कशी?

उत्तर : शर्ट घडी न मोडता कपाटातच राहील. त्यापेक्षा त्यांना बोलतं करा. 'नोकरीबद्दल सांगा' असं मोघम विचारलंत, तर 'त्यात काय सांगायचं' एवढंच ऐकायला मिळेल. नेमकं विचारा. मुक्कामाच्या गावी झोपायचात कुठे? हिशेबात पैसे कमी भरले तर काय व्हायचं? तिकिटांचा ट्रे जाऊन मशीन आलं, तेव्हा कसं वाटलं? परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करा. मध्ये दुरुस्त्या करू नका. त्यांनी काय सोसलं हे तुम्हाला जाणून घ्यायचंय, हे त्यांना आपोआप कळेल.

मग त्यांच्या जुन्या मार्गावर दोघं एसटीनंच जा. पंचाहत्तरी पूर्ण असेल तर त्यांना प्रवास मोफत, पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धंच. त्यामुळे खर्चावरून रागावायला फारसा वाव नाही! तिकिटाचे पैसे मात्र त्यांनाच देऊ द्या.