ती गोळी आधी बंद कर

अमरावती, रुक्मिणीनगर

चि. अनिकेत,


मूर्तिजापूरच्या मावशींचा नातू काल घरी आला होता. तुझा विषय निघाला, तेव्हा बोलता बोलता सांगून गेला की ऑपरेशनला उभं राहायच्या आधी तू प्रोप्रॅनोलॉल घेतोस. मागे एकदा टाके घालताना हात थरथरला आणि सरांनी नीडल होल्डर काढून घेतला, तेव्हापासून.

काहून रे बापा? जिनिंगचा हंगाम आला की रात्र रात्र उशीला टेकून बसणारं पोरगं तू. वहिनी पाठ चोळत बसायची आणि दादा मध्यरात्री स्कूटर काढायचा. त्या गोळीने ठोके मंदावतात, थरथर कमी होते, पण दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. डॉक्टर तू झालास आणि हे आत्याने सांगायचं?

माझी सगळी नोकरी थिएटरात गेली. हातात अवजारं देणाऱ्या सिस्टरला सर्जनचा चेहरा मास्कमुळे दिसत नाही, हात मात्र दिसतात. पोटात रक्त भरून आलं की कुणाच्या मानेची शीर ताठ व्हायची, कुणी एकदम गप्प व्हायचे, कुणी अभंग गुणगुणायला लागायचे. ओरडणारेही होते. त्यांचे स्वतःचे हात स्थिर राहायचे, पण समोरच्या असिस्टंटचे कापायला लागायचे. अशांना लोक धीराचे सर्जन म्हणत. मला ते कधी पटलं नाही. थरथरणाऱ्यांमधले कितीतरी पुढे नावाजले. ते मनगट रुग्णाच्या अंगावर टेकवायचे, सकर लावून जागा कोरडी करायचे, पुढची पायरी मोठ्याने बोलायचे आणि मगच सुई धरायचे. ताण सगळ्यांनाच येतो, पण तो प्रत्येकाच्या वेगळ्या जागी उतरतो. तुझा हातात उतरतो. तो नेमका कधी येतो? रक्त दिसल्यावर, की सर मागे येऊन उभे राहिल्यावर? गोळी घेतलीस तर हे तुला कधी कळणारच नाही.

माझ्या उमेदीच्या काळात तुझ्यासारखाच एक हाऊसमन होता. गाठ मारताना घाबरायचा, पण पुढचं पाऊल कुणी हळूच सांगितलं की हात लगेच स्थिर. मला ते दिसत होतं. सिस्टरने डॉक्टरला सांगायचं नसतं, असा तो काळ. त्याने सर्जरी सोडली. तेव्हा बोलले असते तर, हे अजून मनात येतं.

आपल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे आत्माराम गावंडे अमेरिकेत सर्जन झाले. त्यांचा मुलगा अतुल गावंडे याच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी तयार झाली, जी तुम्ही आता ऑपरेशनआधी वाचता. चाकू लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हे त्यातच आहे. एकदा नाव घेऊन बोललेल्या माणसाला पुढे काही खटकलं तर तोंड उघडायला जड जात नाही. 8 देशांतल्या 8 रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं. 2009 मध्ये निष्कर्ष आले: गुंतागुंती 11 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर. आणि याच अतुलने, स्वतः नावाजलेला सर्जन असताना, आपल्या निवृत्त गुरुजींना थिएटरात बोलावून चुका टिपायला लावल्या. मग तुला सरांकडे जाऊन 'सर, माझा हात थरथरतो, उभं राहून बघा' म्हणायची लाज कसली?

पण आधी ती गोळी बंद कर. रोज घेत असशील तर एकदम सोडू नकोस, आजच तुमच्या मेडिसिनच्या सरांना विचार. आणि पंप ॲप्रनच्या खिशात असू दे.

फार बोलले का? रागावू नको लेकरा. लहानपणी माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन खाटेच्या पायाला गाठी मारत बसायचास, तेव्हा तुझे हात बघून दादाला मीच म्हटलं होतं की हा सर्जन होणार. अजूनही म्हणते. दादाला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. रविवारी सुट्टी मिळाली तर सकाळच्या एसटीने ये, गोळाभात करते. काही विचारणार नाही. जेव आणि दुपारभर झोप.

तुझी,
आत्या