प्लॉटचे भाव वाढले, घराचा विमा किती वाढवायचा?

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे सुटली आणि अनेक दशकांची मागणी पुरी झाली. त्याच महिन्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणा नदीला पूर आला, घरांत पाणी शिरले. रेल्वे आली की जमिनीचे भाव चढतात आणि पूर आला की विम्याची आठवण होते. मग प्रश्न पडतो, घराची किंमत वाढली तर विमाही वाढवायला नको का? वाढवायलाच हवा. पण कोणत्या हिशेबाने, इथे बहुतेकांची गल्लत होते.

विमा जमिनीचा नसतो. आग लागली, पूर आला, भूकंप झाला, तरी प्लॉट जागेवरच राहतो. जाते ते बांधकाम. म्हणून घर-जागा मिळून आज ५५ लाखांना विकली जाईल या हिशेबाने ५५ लाखांचा विमा काढणे म्हणजे हप्त्याचे पैसे वाया घालवणे; नुकसानभरपाई बांधकामाच्या खर्चापलीकडे मिळणार नाही. रेडीरेकनरचा दर किंवा शेजारच्या घराची खरेदीखतातली किंमत इथे कामाची नाही. विचारायचे ते गवंड्याला किंवा ठेकेदाराला: असेच घर आज पुन्हा बांधायचे तर फुटाला काय दर पडेल?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाच्या आदेशाने सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तिचे गणित सरळ आहे. घराचे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर. कंपाउंडची भिंत, गेट, पाण्याची टाकी, गच्चीवरचे सोलर पॅनल यांची रक्कम वेगळी धरून मिळवायची.

समजा, चटई क्षेत्र १,००० चौरस फूट आहे आणि दर १,८०० रुपये. विम्याची रक्कम झाली १८ लाख. घरातल्या सामानासाठी याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते (याची कमाल मर्यादा १० लाख). एकूण २१ लाख ६० हजार. लाखाला वर्षाला ४० रुपये दर धरला तर हप्ता ८६४ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,०२० रुपये. कंपनी, परिसर आणि बांधकामाचा प्रकार यांप्रमाणे दर कमीजास्त होतो, म्हणून निदान तीन ठिकाणचे कोटेशन घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, घराच्या विम्यावरचा मात्र कायम आहे.

आता हेच घर काही वर्षांपूर्वी १,३०० रुपये दराने १३ लाखांना उतरवले असेल आणि दरवर्षी तोच आकडा पुढे ढकलला असेल, तर? पॉलिसीत वर्षाला १० टक्के वाढ अंतर्भूत आहे, ती दिवसागणिक चढते. वर्षअखेरीस १३ लाखांचे १४ लाख ३० हजार होतात. तरीही घर पूर्ण गेले तर ३ लाख ७० हजार खिशातून घालावे लागतील. ही तूट टाळायला काय लागले असते? वरच्या पाच लाखांचा हप्ता, जीएसटी धरून वर्षाला २३६ रुपये. नूतनीकरणाची नोटीस आली की हप्त्याआधी विम्याची रक्कम वाचा. आकडा गेल्या वर्षीचाच असेल तर तिथेच थांबा आणि दर विचारा.

या पॉलिसीत एक मोठी सवलत आहे. रक्कम कमी धरली म्हणून छोट्या नुकसानीत भरपाई त्या प्रमाणात कापली जात नाही. दुरुस्तीला दोन लाख लागले तर अटींत बसणारी पूर्ण रक्कम मिळू शकते. कमाल मर्यादा मात्र विम्याच्या रकमेचीच. मधल्या काळात वर एक मजला चढवला आणि तो कागदावर घेतला नाही, तर त्या रकमेत त्याचा हिशेबच नसतो.

घराला लागून दुकानाचा गाळा असलेल्यांनी इथे सावध राहावे. ही सवलत राहत्या घरापुरती आहे. दुकानाला वेगळी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी लागते आणि तिथे १५ टक्क्यांपेक्षा जास्त तूट असली तर कपात होते. माल १० लाखांचा, विमा ६ लाखांचा आणि नुकसान २ लाखांचे असेल, तर हाती १ लाख २० हजारच पडतील.

‘आपल्याकडे काय होतंय’ असे कुणी म्हणत असेल तर त्यांनी ३० ऑक्टोबर २०२३ आठवावा. आंदोलनाच्या भडक्यात त्या दिवशी माजलगाव आणि बीडमध्ये लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली. दंगल आणि हेतुपुरस्सर केलेली नासधूस या पॉलिसीत मुळातच धरलेली आहे, भूकंपही आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप शेजारच्याच जिल्ह्यातला. घरफोडी मात्र मूळ पॉलिसीत नाही. विमा असलेल्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. घरफोडीचे संरक्षण वेगळे मागून घ्या. काळ्या मातीवरच्या घरांना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, जुनी ओल, सदोष बांधकाम यांचे पैसे मिळत नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घर महिन्याहून अधिक काळ कुलूपबंद राहणार असेल तर निघण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. दावा नाकारायला न कळवल्याचे कारण सहज पुढे येऊ शकते. घरी आईवडील मागे राहत असतील तर तेही लिहा.

सरकारी मदतीवर भिस्त ठेवू नका. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांप्रमाणे सपाट भागात पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, अंशतः पडलेल्याला ६,५००. ती मदत जरूर घ्या, पण तेवढ्यात वरच्या हिशेबातली ६७ चौरस फुटांची खोलीही जेमतेम उभी राहील.

गृहकर्ज असेल तर बँकेने काढलेला विमा नेमका कशाचा आहे ते विचारा. कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा विमा वेगळा आणि घराचा विमा वेगळा. घराचा असला तरी अनेकदा तो कर्जाच्या रकमेएवढाच असतो. पॉलिसीची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे.

गावात नमुना ८ चा उतारा, शहरात मालमत्ता कराची पावती, शिवाय प्रत्येक खोलीचे आणि बाहेरच्या चारही बाजूंचे फोटो मोबाइलबाहेर कुठेतरी जपून ठेवा. नुकसान झाले की राडारोडा उचलण्याआधी कंपनीला कळवा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, दंगल असेल तर पोलिसांत फिर्याद. दावा नाकारला किंवा कमी दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्यात समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ यंत्रणेचा टोल-फ्री क्रमांक १५५२५५ आहे.

कपाटातली पॉलिसी या आठवड्यातच काढा. तिच्यावरची बांधकामाची रक्कम चटई क्षेत्राने भागा. येणारा दर तुमच्या गवंड्याने सांगितलेल्या दरापेक्षा कमी असेल, तर नूतनीकरणाची वाट न पाहता कंपनीला फोन करा आणि रक्कम वाढवून घ्या.