लिंगभाव, कायदा आणि स्त्रियांच्या राखीव जागा

महाभारताच्या विराटपर्वातील बृहन्नलेची कथा कीर्तन-प्रवचनांमुळे आपणा सर्वांस परिचित आहे. अज्ञातवासातील अर्जुनाने या रूपात राजकन्या उत्तरेस नृत्य शिकविण्याची अनुज्ञा मागितली. राजा विराटाने एकदम होकार दिला नाही. स्त्रियांकरवी खातरजमा करून घेतली आणि मगच कन्यांच्या अंतःपुरात प्रवेश दिला. एखाद्या व्यक्तीने स्वतःविषयी सांगितलेले पुरेसे मानावे काय, आणि स्त्रियांच्या जागेत प्रवेश कोणत्या कसोटीवर द्यावा, हे दोन्ही प्रश्न या कथेत आहेत. आज तेच प्रश्न कायद्यापुढे आले आहेत.

डिचोली तालुक्यातील मये गावात ग्रामपंचायत आहे, शाळा आहेत आणि तळ्यावर सहलीसाठी परगावचे लोकही येतात. पंचायतीतील राखीव जागा, शाळेचे हजेरीपत्रक, सार्वजनिक शौचालय अशा ज्या ठिकाणी हे प्रश्न उभे राहतात, ती सर्व गावातच असतात. म्हणून त्यांचा विचार केवळ शहरांवर सोडून चालणार नाही.

शब्दांचे अर्थ

‘लिंग’ हा शब्द शरीररचनेशी संबंधित आहे. आपण स्त्री आहोत, पुरुष आहोत की दोहोंहून वेगळे, ही स्वतःची जाणीव व तिला समाजात मिळणारे स्थान म्हणजे ‘लिंगभाव’ होय. बहुतेकांच्या बाबतीत या दोन गोष्टी जुळतात. काहींच्या बाबतीत जुळत नाहीत. दशावतारी नाटकात स्त्रीपार्ट करणारा नट खेळ संपताच वेष उतरवितो. तृतीयपंथी व्यक्तीची गोष्ट तशी नसते. तो तिच्या आयुष्याचा भाग असतो.

कायद्याची वाटचाल

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी निर्णय दिला. आपला लिंगभाव स्वतः ठरविण्याचा अधिकार त्यात मान्य झाला व त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदेशीर ठरविण्यात आले. पुढे संसदेने २०१९ साली तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला. या कायद्याच्या मूळ स्वरूपात व २०२० च्या नियमांत दोन पायऱ्या होत्या. ‘तृतीयपंथी’ असे प्रमाणपत्र वैद्यकीय तपासणीविना, प्रतिज्ञापत्राच्या आधारे जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी द्यावयाचे होते. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद मात्र शस्त्रक्रियेनंतर, वैद्यकीय दाखल्यावर व्हावयाची होती. न्यायालयाने एक म्हटले आणि संसदेने दुसरे, अशी टीका यावर झाली. अर्ज करणाराने त्या वेळी लागू असलेली तरतूद जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावी, हे उत्तम.

भादलीचा निवाडा

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथीयांसाठी आरक्षण नाही, या कारणास्तव तो फेटाळण्यात आला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांस निवडणूक लढविण्याची परवानगी दिली. मात्र आरक्षणाच्या लाभासाठी पुढे आपण पुरुष म्हणून नोंद करणार नाही, असे त्यांचे निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतले. स्वतःचा शब्द मान्य झाला, पण तो सोयीनुसार फिरविता येणार नाही, हेही स्पष्ट झाले. गावाने त्यांस निवडून दिले.

जागेचा हेतू

स्त्रियांची काळजीही तितकीच खरी आहे. पंचायतींतील एकतृतीयांश जागा, मुलींचे वसतिगृह, स्त्रियांचे स्नानगृह या गोष्टी दीर्घ अन्यायानंतर मिळाल्या आहेत. त्यांविषयी प्रश्न विचारणाऱ्या स्त्रीस द्वेषी ठरविणे योग्य नव्हे. जगातही एकमत नाही. अर्जेंटिनाने २०१२ साली स्वयंघोषणेचा कायदा केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १६ एप्रिल २०२५ रोजी त्यांच्या समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरूनच करावयाचा, असा निर्णय दिला.

यातून मार्ग काढताना ध्यानात ठेवावयाचे ते हे, की सर्व राखीव जागा एकाच हेतूने निर्माण झालेल्या नाहीत. पंचायतीतील जागेचा हेतू प्रतिनिधित्व हा आहे, शौचालयाचा एकांत व सुरक्षितता, तर क्रीडास्पर्धेतील वर्गवारीचा शारीरिक बळाची समतोल तुलना. म्हणून एका ठिकाणचे उत्तर दुसरीकडे जसेच्या तसे लावू नये.

शौचालयाचाच विचार करू. केंद्र शासनाने २०१७ साली स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत तृतीयपंथी व्यक्तींना आपल्या पसंतीचे शौचालय वापरू द्यावे, असे सांगितले. सार्वजनिक जागेचा वापर नाकारणे हा २०१९ च्या कायद्याने शिक्षापात्र गुन्हा ठरविला. परंतु दाराला कडी नसेल, भिंत अपुरी असेल, दिवा नसेल, तर त्या ठिकाणी कोणतीच स्त्री सुरक्षित नाही व तृतीयपंथी व्यक्तीही नाही. पूर्ण भिंतीची, आतून कडी लागणारी एक स्वतंत्र खोली बांधली, तर ती वृद्धांस, अपंगांस व लहान मुलीस घेऊन आलेल्या पित्यासही उपयोगी पडते. मात्र अशी सोय झाली म्हणून तृतीयपंथीयांस इतर ठिकाणांहून हाकलण्याचे ते निमित्त होऊ नये. कुचेष्टेच्या भयाने दिवसभर पाणी न पिणारे मूल आणि अंधाराच्या भयाने घराबाहेर न पडणारी मुलगी, या दोघांचे दुःख एकाच दुर्लक्षातून आलेले आहे.

ग्रामसभेत व शाळेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावातील स्त्रियांसाठी राखीव असलेल्या प्रत्येक जागेचा हेतू कोणता?
२. भादलीच्या निवाड्यात न्यायालयाने स्वयंघोषणा व तिचा संभाव्य गैरवापर यांचा मेळ कसा घातला?
३. आपल्या शाळेतील शौचालयात प्रत्येक मुलास व मुलीस पूर्ण एकांत मिळतो काय? नसल्यास प्रथम काय दुरुस्त करावे?