औषध मुलांचं, पथ्य आपलं

आई-बाबांनो, आजचा विषय घरोघरी असतो, पण त्यावर शांतपणे बसून बोलणं क्वचितच होतं. आठवी-नववीतल्या मुलाच्या कपाळावर बारीक पुरळ उठतं, मग गालांवर लाल, दुखऱ्या पुटकुळ्या येतात, आणि घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. "हात लावू नकोस." "तळलेलं बंद कर." "अंगात उष्णता झालीय, सब्जा पी." "वयच आहे, जातील आपोआप." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. ऐकणाऱ्या मुलाला मात्र दिवसभर एकच गोष्ट ऐकू येत राहते, की आपला चेहरा बिघडला आहे आणि तो सगळ्यांना दिसतो आहे.

माझ्या मुलाच्या मुरुमांवर डॉक्टरांनी ॲडापॅलिन नावाचं जेल दिलं. रेटिनॉइड गटातलं हे औषध 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं. त्याचा उपयोग होतो, हे मी आज खात्रीने सांगू शकते. पण तो दिसेपर्यंतचा काळ मोठा असतो, आणि त्या काळात मुलाने जेल लावायचं असलं तरी बरंचसं पथ्य आपल्याला, आई-वडिलांना पाळावं लागतं. त्या पथ्याबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाकू या: मुरूम अस्वच्छतेमुळे येत नाहीत. वयात येताना शरीरातली संप्रेरकं बदलतात, त्वचेखालच्या तैलग्रंथी जास्त तेल स्रवू लागतात. त्याच सुमारास त्वचेवरच्या रंध्रांच्या आतल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायच्या ऐवजी एकमेकींना चिकटतात. तेल आणि मृत पेशी साचून रंध्र तुंबतं, एरवीही त्वचेवर असणारे जिवाणू तिथे वाढतात, आणि मग सूज, लाली, पू. बारा ते चोवीस या वयातल्या सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात मुरूम येतात. तेव्हा "तोंड नीट धुत जा" हे वाक्य आपण आजपासून बंद करू या. सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदा चेहरा धुणं पुरेसं असतं. स्क्रबने घासून, लिंबू चोळून किंवा टूथपेस्ट लावून त्वचा आणखी चिडते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशा प्रत्येक चिडण्याचा काळा डाग महिनोन् महिने राहतो.

आमच्याकडे आजींनी दुधात जायफळ उगाळून ठेवलं होतं. शेजारच्या काकूंनी मुलतानी माती सुचवली. कोचिंग क्लासमधल्या मित्राने त्याच्या बहिणीची ट्यूब देऊ केली. मुलगा मात्र हळूहळू गप्प होत चालला होता. शाळेच्या ग्रुप फोटोत तो मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड उभा राहिला होता. तो फोटो पाहिला आणि मी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न त्याला विचारला, मला नाही. "तुला यातलं सगळ्यात जास्त काय खुपतं?" तो म्हणाला, "सगळे माझ्याशी बोलताना इथेच बघतात." असं तो घरात कधीच बोलला नव्हता. तुम्ही मुलाला घेऊन गेलात तर उत्तरं त्यालाच देऊ द्या. चेहरा त्याचा, त्रास त्याचा आणि जेल लावायचंही त्यानेच आहे.

मग त्यांनी औषध समजावलं. आज गालावर दिसणारा मुरूम आज सुरू झालेला नसतो. रंध्र तुंबायला सुरुवात होते तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नाही. ते वर येऊन दिसायला कित्येक आठवडे जातात. रेटिनॉइड काम करतं ते या न दिसणाऱ्या सुरुवातीवर. पेशी चिकटून राहू नयेत, रंध्र मोकळं राहावं, सूज कमी व्हावी, हे त्याचं काम. म्हणूनच ते एकेका पुटकुळीवर ठिपक्यासारखं लावायचं नसतं. जिथे मुरूम येतात तो सगळा भाग, कपाळ, गाल, हनुवटी, रोज पातळ थराने झाकायचा असतो. शेतकरी पेरणीआधी अख्खं रान नांगरतो, तण दिसेल तिथेच खुरपं मारून भागत नाही, तसंच हे.

प्रमाणही ठरलेलं: संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. जास्त लावल्याने गुण लवकर येत नाही, आग मात्र जास्त होते. रात्री चेहरा धुऊन, टिपून, पूर्ण कोरडा झाल्यावरच लावायचं. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या खाचा सोडायच्या. सुरुवातीला एक दिवसाआड. सकाळी सनस्क्रीन, निदान ३० एसपीएफचं, कारण या काळात त्वचा उन्हाला लवकर लाल होते. मुलगा दुपारी क्रिकेट खेळायचा, त्यामुळे सनस्क्रीनची ट्यूब त्याच्या किटमध्येच ठेवली.

घरी आल्यावर त्याच्या बाबांनी विचारलं, "इतक्या लहान वयात हे केमिकल कशाला?" हा प्रश्न तुमच्याही मनात येईल, म्हणून सांगते. मुरुमांसाठी रेटिनॉइडचा वापर नवा नाही. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळाली, तुलनेने सौम्य असलेल्या ॲडापॅलिनला १९९६ मध्ये. २०१६ पासून तर ॲडापॅलिनचं ०.१ टक्क्याचं जेल तिथे बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी चिठ्ठीशिवाय मिळतं. माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिने लगेच विचारलं, "इथे दुकानात मिळतं, पाठवू का?" मी नको म्हटलं. ट्यूब कुठूनही मिळेल, पण हे मुरूमच आहेत का, कोणत्या प्रकारचे आहेत, सोबत आणखी काही लागेल का, हे चेहरा पाहून डॉक्टरच सांगू शकतात.

आता त्या अवघड आठवड्यांबद्दल. सुरुवातीला नाकाच्या बाजूची त्वचा सोलवटली, हनुवटी लाल झाली, चेहरा धुतला की चुरचुरायचं. आणि ज्याची डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती तेही झालं: मुरूम कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारखे दिसू लागले. अनेकांच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांत असं होतं. एका रात्री तो ट्यूब टेबलावर आपटून म्हणाला, "आई, मी नाही लावणार हे. आधी बरं होतं." आजींनाही बघवत नव्हतं. "पोराचं तोंड भाजलंय नुसतं," त्या म्हणाल्या.

बहुतेक घरांत औषध याच टप्प्यावर सुटतं. म्हणून हा टप्पा येणार आहे हे आधीच माहीत असणं फार मोलाचं. आम्ही डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन रात्री विश्रांती द्यायला सांगितली, मग आठवड्यातून तीनच रात्री लावायचं, आणि जेलच्या आधी व नंतरही साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. चुरचुर आटोक्यात आली. त्वचा सरावल्यावर पुन्हा हळूहळू रोज लावण्यावर आलो. थोडा कोरडेपणा, थोडी लाली अपेक्षित असते. पण सूज आली, फोड आले, आग थांबेनाच, तर औषध बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवायचं. हा फरक मुलालाही समजावून सांगा, म्हणजे तो घाबरत नाही आणि अंगावरही काढत नाही.

त्याच आठवड्यात घरात आम्ही एक नियम केला: मुलाच्या चेहऱ्यावर कुणीही बोलायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. "आज बरं दिसतंय" हेसुद्धा नको, कारण मग उद्या बरं दिसत नसेल तर तो आरशासमोर उभा राहून आपली बोलणी आठवत बसतो. विचारायचं तर शाळेचं, मॅचचं, जेवणाचं. आजींना हे जड गेलं, कारण त्यांची माया हातांतून आणि बोलण्यातून वाहते. दर रविवारी नातवाच्या डोक्याला तेल चोळणं हा त्यांचा हक्क. केसांचं तेल कपाळावर उतरलं की तिथली रंध्रं तुंबतात, हे त्यांना समजावलं. तेव्हापासून तेल रविवारी सकाळी लागतं आणि दुपारच्या जेवणाआधी केस धुऊन होतात. त्यांचा हक्क राहिला आणि कपाळही सुटलं.

गुण एखाद्या सकाळी अचानक दिसला नाही. आधी कपाळावरचा खडबडीतपणा गेला. मग नवे मोठे फोड येईनासे झाले. रेटिनॉइडचा गुण पारखायला साधारण १२ आठवडे द्यावेच लागतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आणि तसंच झालं. मधल्या काळात त्यांनी सकाळसाठी बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल जोडलं. ते घरात येणार असेल तर पांढरेच टॉवेल आणि उशीचे पांढरेच अभ्रे वापरा, कारण रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. मुरूम गेल्यावर काळसर डाग काही महिने राहिले. ते डाग फिके होत जातात. खड्डे मात्र सहजासहजी भरत नाहीत. म्हणून मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी येत असतील तर "वय झालं की जातील" म्हणून वाट पाहू नका. चेहरा सुधारल्यावरही डॉक्टरांनी जेल लगेच थांबवलं नाही, कारण रंध्रं पुन्हा तुंबू नयेत म्हणून ते काही काळ चालू ठेवावं लागतं.

आता ज्या गोष्टींबाबत मला खरोखर कळकळीने सांगायचं आहे, त्या.

मेडिकल दुकानातून "मुरुमांवर आणि डागांवर काहीतरी द्या" म्हणून मलम आणू नका. आपल्याकडे गोरं करणारी म्हणून खपणारी कित्येक मलमं स्टिरॉइडची असतात. काहींत तर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असं त्रिकूट असतं. आठवडाभरात चेहरा उजळ, गुळगुळीत होतो, म्हणून मुली ती मैत्रिणींनाही देतात. मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस वाढतात, आणि मलम थांबवलं की मुरूम उसळून येतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती उगाच नाही. ट्यूबवर ट्रेटिनॉइन लिहिलंय म्हणजे मुरुमांचं औषध असणार, असं समजू नका; सोबत आणखी काय आहे ते वाचा.

'अ' जीवनसत्त्व कामी येतं म्हणून त्याच्या गोळ्या मनाने देऊ नका. जास्त झालेलं 'अ' जीवनसत्त्व यकृताला बाधतं. पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन हे वेगळं, अधिक तीव्र औषध आहे. त्याने गर्भाला गंभीर इजा होते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कधीच नाही. लावायचं रेटिनॉइडही गरोदरपणात टाळतात, तेव्हा लग्न झालेल्या लेकीने जुनी ट्यूब काढून लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हेही डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण मुरुमांचं मूळ संप्रेरकांच्या बिघाडात असू शकतं.

आणि शेवटचं. मुलगा आहे, त्याला काय फरक पडतो, असं म्हणू नका. मुलगी आहे, पुढे लग्न कसं होणार, असंही म्हणू नका. पहिल्या वाक्याने मुलाचं दुःख नाकारलं जातं, दुसऱ्याने मुलीचं अख्खं आयुष्य तिच्या गालावर आणून ठेवलं जातं. लग्नसमारंभात एखादी मावशी सगळ्यांसमोर हनुवटी धरून "हे काय करून घेतलंस?" असं विचारेल. तिथे मुलाला उत्तर द्यायला लावू नका. "त्याचे उपचार चालू आहेत, मावशी," एवढं आपण म्हणावं आणि विषय बदलावा. मूल घराबाहेर पडेनासं झालं, शाळा टाळू लागलं, सतत उदास राहू लागलं, तर तेही त्वचेच्या तक्रारीइतकंच डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे.

तेव्हा या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. ट्यूब मुलाच्या हातात द्या, रोज लावलं का म्हणून पहारा करू नका. सोलवटणाऱ्या आठवड्यांत घाबरून औषध बदलू नका, डॉक्टरांना विचारा. आणि निदान तीन महिने घरात त्याच्या चेहऱ्याचा विषय कुणीही काढणार नाही, असं आपापसात ठरवून टाका. त्याला हे औषध नेटाने लावता यावं, यासाठी आपल्याला एवढं तरी नक्की करता येईल.