डिप्लोमा द्यावा का?

कोवलम, चेन्नई

चि. सई,


डिप्लोमा हल्ली स्वस्त झाला, हे दादाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाचा पहिला डिप्लोमा पूर्वी डिपएबीआरएसएम असे. वादनाबरोबर रचनांवर टिपणं लिहायची, तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि कधी न पाहिलेलं नोटेशन पाच मिनिटांत बघून वाजवायचं. २०१६ साली त्याच्या खालची पायरी म्हणून एआरएसएम आला. आठवी ग्रेड झालेली हवी, मग अर्ध्या तासाचं वादन. त्यात निदान वीस मिनिटं त्यांच्या यादीतलं. बाकीचं सगळं गेलं. २०२० च्या साथीपासून तर घरून रेकॉर्डिंग पाठवलं तरी चालतं.

पण दादा विसरतो की परीक्षा एका वेळी एकच बाजू तपासते. आपल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आठव. परीक्षक यादीतला राग मागतात, जरा ऐकतात, की लगेच पुढचा. तयारी कळते, मैफल पेलेल का, ते कळत नाही. म्हणून तर मंचप्रदर्शन वेगळं घ्यावं लागतं. एआरएसएमचं नेमकं उलट आहे. नोटेशनचं वाचन येतं की नाही, याची हमी तो देत नाही, आणि देतो असं म्हणतही नाही.

तुझं वाचन चांगलं आहे. समोर काहीही ठेवलं तरी व्हायोलिनवर वाजवतेस. पण तिसऱ्या रचनेपाशी तुझा दम जातो, बो आखडतो आणि चेहऱ्यावर ते दिसतं. तेव्हा तू एआरएसएमला जरूर बस. आठवी ग्रेड जेमतेम काढून वाचनाला घाबरणारी मुलगी असती, तर मी थांब म्हटलं असतं. माझ्याकडे ओएमआर रस्त्यावरून शिकायला येणाऱ्या दोघांना तसंच सांगितलंय. त्यांच्या आईवडिलांना ते फारसं रुचलेलं नाही.

रेकॉर्डिंग मात्र जपून कर. मध्ये तोडून जोडता येत नाही, पण अख्खा कार्यक्रम पुन्हा पुन्हा वाजवून त्यातला बरा पाठवता येतो, आणि सवय बिघडते ती इथेच. त्याआधी चार परक्या माणसांसमोर पूर्ण अर्धा तास सलग वाजव. चुकलं तरी थांबायचं नाही. साथीचा पियानोवाला रेकॉर्ड केलेला नको, जिवंत हवा; तो श्वास घेतो तिथे तुला ऐकावं लागतं.

आणि सर्टिफिकेटचं फार मनावर घेऊ नकोस. इथे मद्रासमध्येच बाळुस्वामी दीक्षितर युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकले आणि ते कर्नाटक संगीतात आणलं. तेव्हा कसली ग्रेड नि कसलं काय. आज मार्गळी महिन्यातल्या संगीत सभांमध्येही पुढच्या रांगेतले आजोबा डिप्लोमा विचारत नाहीत, सूर हलला की मान मात्र हलवायची थांबवतात.

दिवाळीनंतर आठ दिवस ये. पियानोवर मी बसते. येताना तारांचा जादा सेट आण, इथल्या खाऱ्या हवेत त्या फार टिकत नाहीत.

तुझी,
आत्या